नदीमचा सदरा

पुराने रस्ता तोडला होता, म्हणून तिघं जंगलातून पायी निघाली. तीन दिवसांत वैनगंगेचा खालचा घाट गाठायचा, तिथे परीक्षा घ्यायला येणाऱ्या सरकारी साहेबांसमोर बुडत्याला काढून दाखवायचं. जमलं तर या तिघांच्या बचाव पथकाला मोटरबोट मिळणार होती. साल २००६, श्रावण. नदी दोन्ही काठ खाऊन वाहत होती.

म्होरक्या जहीर, मूल गावचा सायकल दुरुस्तीवाला. त्याच्या हाताखाली शिकणारी मुखरू आणि कमळा, दोघंही ढिवर, मासे धरणाऱ्यांच्या घरची, पाण्यातच वाढलेली. गेल्या पावसाळ्यात डोंगा उलटला, तेव्हा जहीरच्या हातातून त्याचा धाकटा भाऊ नदीम निसटला. प्रेत सापडलं नाही, म्हणून घरात मेलेल्यासाठीची दुआ, फातेहा, पढली नव्हती; 'मेला' हा शब्दही कुणी काढत नसे. शिकवताना जहीर एकच पाठ घोकून घ्यायचा, "धरलं का सोडाचं नाई!"

बुडणारा माणूस म्हणून पुतळा केला होता. धानाच्या मुलखातली माणसं. काही भरायचं म्हटलं की हात तणसाकडेच, भाताच्या पेंढ्याकडेच जाणार! कमळाने तणीस ठासून भरलं, पोटात वाळूची पिशवी घातली. अंगात नदीमचा सदरा होता. तो जहीरनेच आणलेला. 

वाटेत सराव ओंडक्यावर चालला. पुतळा मात्र प्लॅस्टिकात गुंडाळून जहीर स्वतः पाठीवर वाहत होता. पहिल्या दिवशी नाल्याने अडवलं, दुसऱ्या दिवशी पीठ भिजलं. आभाळ उघडायचं नाव घेईना. गळत्या सागांखाली बसलं की नदीचा घोंगावता आवाज यायचा, आणि जहीरला तो सोसवत नसे.

तिसऱ्या दिवशी दुपारी घाट आला. साहेब छत्रीखाली उभे होते. कमळाने दोराचा वेढा अर्जुनाच्या बुंध्याला दिला, दुसरं टोक मुखरूच्या कमरेला. जहीरने वरच्या अंगाला जाऊन प्लॅस्टिक सोडलं आणि पुतळा धारेत फेकला.

मुखरूने उडी घेतली. चार हात मारले. पकडला!

पण तणसाने पाणी प्यायलं होतं. पुतळा दगडासारखा खाली ओढू लागला. दोर ताणला. मुखरूच्या डोक्यावरून पाणी गेलं. वर आला. पुन्हा गेला!

"दोर तुटते, भाऊ!" कमळा ओरडली.

जहीर काठाने धावत आला. "सोड त्याले, मुखरू!"

"नाई सोडत! नदीमभाऊचा सदरा हाय!"

 जहीर सगळ्या नदीला ऐकू जाईल असा ओरडला, "नदीम मेला, मुखरू! मेला तो! सोड!"

मुखरूच्या मुठी सुटल्या. सदरा एकदा पाण्यावर फुगला आणि गेला. दोघांनी मुखरूला ओढून काढलं, पालथा घातला, पाठ चोळली. बऱ्याच वेळाने तो पाणी ओकला.

"पुतळा गेला म्हणजे माणूस गेला," साहेब म्हणाले. "नापास."

"हो साहेब," जहीर म्हणाला. मुखरूचं डोकं त्याच्या मांडीवर होतं.

मूलला घराच्या दारात अम्मी उभी होती. नदीवरून तो आला की ती विचारायची तेच तिने विचारलं, "मिला क्या?"

"अम्मी, उसका फातेहा पढ लेते," जहीर म्हणाला.

अम्मी उंबऱ्यावर बसली आणि वर्षात पहिल्यांदा मोठ्याने रडली.