सीटखालचा खडू

हे लिहायचंच नाही असं ठरवलं होतं. दोनदा टाइपरायटरमध्ये कागद घातला, दोनदा काढला. कारण तेजराम आपला माणूस, आणि या गोष्टीत तो दोन दिवस बरोबर वागत नाही. पण ते दोन दिवस गाळले तर उरते काय? एक सायकल आणि एक भाव. जाऊ द्या, लिहूनच टाकतो.

अठ्ठ्याहत्तर सालचा श्रावण. तुमसरच्या बाजारात तेजरामचं सायकलचं दुकान. वय चोवीस. कोणाच्या हाताखाली शिकला नाही, सायकली खोलून खोलूनच मिस्त्री झाला. जुनी सायकल विकायला आली की तो ती उचलून बघायचा, चाक फिरवायचा, पुढच्या चाकाच्या चिमट्यावर टिचकी मारून कान लावायचा. मग सीटखाली खडूने आकडा लिहायचा. तो आकडा म्हणजे भाव. त्याच्या वर कोणी रुपया द्यायचा नाही, त्याच्या खाली कोणी मागायचा नाही.

त्या मंगळवारी एक मुलगी सायकल ढकलत आली. पाऊस भुरभुरत होता. छत्री होती, पण ती तिने स्वतःवर नाही... सायकलच्या सीटवर धरली होती.

"मिस्त्री कोन आहे?"

"मीच. तुमी भिजून राहिल्या ना—"

"मी वाळते. सीट चामड्याची आहे."

तेजराम हसला. आणि चेन उतरावी तसं आत काहीतरी खट्‌कन घसरलं.

सत्यवती तिचं नाव. नाकाडोंगरीची. वडील वासुदेवराव खाणीवर हजेरीबाबू होते. खाणीचा साहेब विलायतेला परत जाताना आपली लांब पल्ल्याची सायकल त्यांना देऊन गेला. आता बाबांचे गुडघे धरले होते. सायकल विकायची, आणि त्या पैशात भंडाऱ्याला मास्तरणीच्या शिक्षणाची फी भरायची. तीनशे रुपये, सोमवारपर्यंत. तोवर मुक्काम इथेच, रंभामावशीकडे.

"बाबा म्हनतात, ही सायकल सपाटीवर बोलते," ती म्हणाली. "टिक टिक टिक. अन् चढाव आला का गुपचूप होते."

"बोलते? मंग भाव तिलेच विचारू."

"विचारा. पन ऐका बी."

ऐकलं कुठं त्याने! चालवायला जड लागली — पैसे कापले. मागचं चाक टिकटिकत होतं, म्हणजे झिजलं — कापले. हँडलवर तुटक्या तारेचा एक दांडा लोंबत होता — अजून कापले. सीटखाली लिहिलं: एकशे साठ.

तिने आकडा वाचला. भांडली नाही. "तुमी म्हनता तर तेवढाच असंल," एवढंच म्हणाली, आणि सायकल दुकानात ठेवून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

बुधवारी त्याने मागचं चाक खोललं. तिच्यासाठी निदान चकाचक करून ठेवावी म्हणून. आणि घासलेटात बोटं बुडवूनच राहिला... आत नुसते छर्रे नव्हते. डाळिंबाच्या दाण्यांसारखी दातेरी चाकं, एकात एक बसवलेली. तीन गिअर! तुटका दांडा म्हणजे गिअरचा दांडा. तार तुटली म्हणून बिचारी एकाच गिअरात अडकली होती — म्हणून जड, म्हणून टिकटिक. त्याने ब्रेकची तार कापून जोडली आणि चढावावर नेऊन हलका गिअर टाकला. सायकल गुपचूप झाली. आणि पिसासारखी वर गेली.

साडेतीनशे. डोळे मिटून साडेतीनशे.

दुकानात येऊन त्याने खडू उचलला, तोच मागे छत्री मिटल्याचा आवाज.

"काय म्हनते माही सायकल?" सत्यवतीच्या हातात भाजलेला भुट्टा होता. तिने तो मोडला, मोठा तुकडा त्याला दिला.

"काई नाई... साफ करून राहिलो."

खडू खिशात गेला. साडेतीनशे म्हणजे भंडारा. एकशे साठ म्हणजे उद्याही ही छत्री, परवाही. एवढं साधं होतं ते. आणि एवढं वाईट.

गुरुवारीही ती आली. "मी मास्तरीन झाली का तुमाले पहिल्या बाकावर बसवीन," म्हणाली. "खडूनं लिवता तर येते तुमाले." तो हसला, पण त्या सांजेला भाताचं ताट अर्धंच ठेवून उठला. आई विचारे, "काहून गा, कोनाशी भांडला का?" भांडण तर होतं, पण कोणाशी ते कसं सांगणार?

शुक्रवारी भैय्याजी आला. तांदळाचा व्यापारी, मुनिमासाठी सायकल हवी होती. वाकून सीटखाली पाहिलं, नोटा काढल्या. सत्यवती समोरच उभी. "एकशे साठ. घे पोरी."

तिने हात पुढे केला. 

"थांबा!"

तेजरामने बाहीने आकडा पुसला. लिहिलं: तीनशे पन्नास.

"काहून बे!" भैय्याजी कडाडला. "पोरगी पाहून भाव बदलते का तुहा?"

आजूबाजूचे फिदीफिदी हसले. तेजरामचे कान तापले. "चुकलो, भैय्याजी. मागच्या चाकात तीन गिअर आहेत. मले वळखूच आले नाई."

"मंग आजपासून तुह्या खडूले इचारन कोन?" नोटा परत खिशात घालून भैय्याजी चालता झाला.

दुकानापुढच्या ताडपत्रीवरून पाणी ठिबकत होतं. सत्यवती हळूच म्हणाली, "कवा समजलं?"

आत्ताच, म्हणता आलं असतं.

"बुधवारी."

"भुट्ट्याच्या आधी, का नंतर?"

"...आधी."

"मंग कायले नाई सांगतलं?"

"तीनशे पन्नास भेटले असते तर... तुमी गेल्या असत्या."

तिने वाकून सीटखालचा नवा आकडा वाचला. "मले वाटलं होतं, या बाजारात तुमी एकटेच खरं बोलता." मग नजर वळवून, "आता घेईल कोन? सोमवार आला."

"मी घेतो."

गोपीचंद. तेजरामचा लहानपणचा दोस्त, पोस्टमन. पावसाचा ताडपत्रीखाली थांबला होता, सगळं ऐकून बसला होता.

"दया करून राहिले का?" सत्यवती फणकारली.

"नाई वो बाई, पाय दुखतात! दोन गावं चढावावर आहेत माह्याकडे." एक चक्कर मारून आला तो, तोंडभर हसत. "चढावावर गुपचूप होते ही तर!" आणि रेडिओसाठी जमवलेले साडेतीनशे रुपये त्याने घरून आणून तिच्या हातात ठेवले.

पैसे रुमालात बांधून ती निघाली. दोन पावलांवर थांबली. वळली नाही.

"मिस्त्री... ही सायकल भंडाऱ्यापर्यंत येईल?"

"येईल ना! वीस मैल... आरामात."

"तुमच्या सांगन्यावर भरोसा नाई आता. चालवून दाखवा." छत्री उघडली. "इतवारी वसतिगृहात भेटू देतात म्हने."

छत्रीखालचा चेहरा दिसला नाही. छत्री मात्र वळणापर्यंत हलत होती, आत कोणी हसू दाबावं तशी.

"इतवारी डाक नसते," गोपीचंद म्हणाला. "सायकल नेत जा. पन एक वचन दे बे. पुढं कोनतीच गोष्ट तिच्यापासून बुधवारची शुक्रवारवर न्यायची नाई."

तेजरामने ओल्या सीटवर हात ठेवला. "नाई नेणार, गोपी. समजलं का तवाच सांगन. हातात भुट्टा असला तरी."