खिडकीकडची बाजू

ज्या वर्षी अमरावतीत घरोघरी चाख्या आले, त्या वर्षी लोकांनी सोफे विकून हॉलमध्ये काचेच्या टाक्या बसवल्या. पाहुणा आला की चहाच्या आधी मासा दाखवायचा आणि "आमचा साडेतीन फूट झाला बरं का," असं सहज बोलल्यासारखं सांगायचं, अशी रीतच पडली. केतकी देवतळेही त्यातलीच. पोटच्या पोराच्या उंचीचं नसेल एवढं कौतुक तिला चाख्याच्या लांबीचं होतं.

चाख्या आपल्या मांगुराच्याच गोतावळ्यातला, पण परदेशातल्या मोठ्या नदीतला. या माशांना चव केवळ तोंडात कळत नाही. मिशांपासून शेपटीपर्यंत अंगभर चव ओळखणाऱ्या पेशी असतात. मासा कसला, पोहणारी जीभच. शास्त्रज्ञांनी जनुकांत फेरफार करून या जिभेला एक चव शिकवली होती. ती रक्ताच्या कर्करोगाची, तीही कुठल्याही यंत्राला दिसायच्या तीन वर्षं आधीची. रोज सकाळी खाणं घेऊन हात पाण्यात धरायचा. माशाने मिशा लावून खाणं उचललं की निश्चिंत. सलग सात दिवस तो आलाच नाही, तर दवाखाना. अंग मोठं तेवढी जीभ मोठी, म्हणून मासा वाढू द्यायचा. शिवाय चवींची सरमिसळ नको म्हणून प्रत्येकाने टाकीची आपली बाजू ठरवून घ्यायची, असं माहितीपत्रकात ठळक छापलेलं होतं. केतकीची बाजू लांबट टाकीच्या स्वयंपाकघराकडच्या टोकाची. तिचा नवरा सारंग दुसऱ्या टोकाला, खिडकीकडे बसायचा, कारण तिथल्या उजेडात त्याला पेपर वाचता यायचा.

दोन वर्षांपूर्वी गावात या कर्करोगाची साथ आली म्हणत होते, त्यातच चाख्या सारंगच्या हाताकडे यायचा थांबला. केतकी सात दिवस देव पाण्यात घालून बसली होती. पुढे दवाखान्यातल्या सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या, पण त्या तशाच यायच्या होत्या. म्हणून तर मासा ठेवायचा. राहिला एकच उपाय, 'उपसा'. हाडांतली रक्त तयार करणारी मज्जा औषधांनी जाळून काढायची आणि प्रयोगशाळेत वाढवलेली नवी भरायची. "मला काही होत नाहीये गं," असं सारंग परोपरीने सांगत होता. केतकीनेच हातापाया पडून त्याला तयार केलं. दहांतल्या सहा जणांना नवी मज्जा मानवते. सारंगला मानवली नाही. आता तो आतल्या खोलीत पडून असतो आणि डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे.

त्या सकाळी मासे तयार करणाऱ्या संस्थेतून डॉ. ऋजुता ढोले आल्या. त्यांनी टाकीला टेप लावली.

"मासा चार फूट दोन इंच. टाकीची रुंदी अडीच फूट. ताई, हा वळतो कधी?"

"म्हणजे?"

"तोंड खिडकीकडे करतो का?"

केतकी आठवू लागली. चाख्याचं तोंड कायम स्वयंपाकघराकडे असायचं. आपला लळा लागलाय, असं तिने शेजारणींना कितीदा तरी सांगितलं होतं.

"खिडकीकडून हात घाला जरा," डॉक्टर म्हणाल्या.

ती पहिल्यांदाच सारंगच्या स्टुलावर बसली. हात पाण्यात जाताच चाख्याच्या शेपटीला तो जाणवला. त्याने अंग वाकवलं, नाक काचेवर घासलं, पाठ मागच्या काचेला अडली. नाकावरची कातडी घासून पांढरी पडलेली होती. त्याने पुन्हा एकदा जोर केला आणि सरळ झाला.

"मलाही तो आजार आहे?" केतकीने विचारलं.

"नाही, ताई. इथे कुणीही हात धरला तरी हेच होईल." डॉक्टरांनी टेप गुंडाळली. "त्याला यायचं होतं. वळायला जागा नव्हती."

"इतकी माणसं गेली, अन् तुम्हाला कळलं नाही?"

"मासा ज्यांच्याकडे यायचा नाही, त्यांतली कितीतरी माणसं दगावत होती. आम्ही म्हणायचो, बघा, मासा चुकत नाही."

"ती उपशाने गेली."

"हो. सगळे मासे एकाच वर्षी आलेले, एकाच सुमारास अडकले. त्याला आपण साथ म्हणालो. या गल्लीतलं हे माझं चौथं घर."

केतकीला डॉक्टरांवर ओरडायचं होतं. पण सारंगच्या हातापाया पडलेली ती स्वतःच होती.

"केतकी!" आतून सारंगने हाक मारली. "चाख्या खाऊन राहिला ना? मला एकदा तिकडे ने. येतो का पाहू हाताकडे."

त्यांना सांगू का, अशा नजरेने डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. केतकीने मानेनेच नको म्हटलं.

उपशानंतर संसर्गाच्या भीतीने पाण्यात हात घालायला सारंगला बंदी होती, पण आता ती कशासाठी पाळायची? तिने त्याला काखेत धरून हॉलमध्ये आणलं. तो सवयीने खिडकीकडे वळला.

"ऊन आहे तिकडे. आज माझ्या बाजूला बस."

काडीसारखा हात पाण्यात गेला. चाख्या संथपणे पुढे आला, बोटांवरून मिशा फिरवल्या आणि खाणं उचलून घेतलं.

सारंग रडू लागला. "अगं, घेतलं त्याने! पाहिलंस? काहीच नाही मला."

"पाहिलं," केतकी म्हणाली. "काहीच नाही तुला."