दगडाची चव

उनांनी मुरंबा करपवला तेव्हा मी बुटांच्या नाड्या बांधत होते.

"रानातल्या क्वांडोंग फळांचा संपला म्हणून संत्र्याचा करायला गेले, तर हा कोळसा," त्या भांडं आपटत म्हणाल्या. "खाणार का, लीथ?"

"कोळसा तुम्हीच खा. मला चीज द्या."

तरी त्यांनी पावाच्या कापाला तो काळपट मुरंबा फासला आणि मागच्या व्हरांड्यातल्या बशीत ठेवला. तो त्यांच्या मुलाचा, गॅव्हनचा काप. तो बेपत्ता होऊन वर्ष झालं तरी उनांनी एक दिवस चुकवला नव्हता. बशी रोज रिकामी व्हायची. "कावळे माजलेत," त्या म्हणायच्या, आणि मी विषय वाढवत नसे.

गॅव्हन आणि मी फ्लिंडर्सच्या डोंगरांत खडकांचे नकाशे करायचो. माझं त्याच्यावर प्रेम होतं आणि ते मी त्याला सांगून टाकलं होतं, तेव्हा त्या बाबतीत मनात काही राहिलेलं नव्हतं. मला तो परत हवा होता. नाहीतर निदान त्याची हाडं. उनांनी मेंढ्यांच्या कुरणाच्या कडेला, नवऱ्याच्या थडग्याशेजारी जागा साफ करून ठेवली होती आणि तिथे पुरायला काहीच नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात माझा पाय प्लास्टरमध्ये होता म्हणून तो एकटाच गेला. गाडी सापडली, तो नाही. शोधपथकानं ओढ्याचं कोरडं पात्र पिंजून काढलं, कारण वाट चुकलेला माणूस पाण्याच्या बाजूला जातो. पण गॅव्हन वाट चुकणाऱ्यातला नव्हताच. लाल, मातकट खडक संपून पांढरा क्वार्टझाइट जिथे सुरू होतो त्या रेषेला तो शिवण म्हणायचा, आणि एकदा शिवण धरली की जेवायलासुद्धा ती सोडायचा नाही. मीही तीच धरायची ठरवली. पाय बरा झाला, चालण्याजोगी थंडी पडली, आणि मुरंबा करपला त्या सकाळी, गॅव्हनची गाडी सापडली होती तिथून, मी निघाले.

शिवण टेकडीच्या कमरेनं चढत होती. खारट झुडपं, मेंढ्यांच्या सुकलेल्या लेंड्या, वर एक ससाणा. पहिला तुकडा मला एका वठलेल्या पाइनखाली दिसला. हातोड्यानं फोडलेला लाल खडक, कडा धारदार. ताज्या बाजूवर अंगठ्याएवढा ओला डाग होता.

आमच्या धंद्यात दगड चाटतात. ओला झाला की त्याचे थर स्पष्ट दिसतात. "लहानपणी माती खायचा म्हणून मार खायचा," उना लेकाबद्दल सांगायच्या, "आता त्याचाच पगार घेतो." पण तो दगड मी फोडलेला नव्हता, आणि तिथल्या वाऱ्यात ओला रुमालसुद्धा हातातच सुकतो.

माझ्या डोळ्यांदेखत डाग नाहीसा झाला.

कुणीतरी पुढे चाललं असणार, असं धरून मी हाक मारली. घळीतून माझाच आवाज परत आला. पुढच्या वळणावर दुसरा तुकडा होता, त्यावरही ओल. मग तिसरा. माती भुसभुशीत होती. मागे वळून पाहिलं तर माझ्या बुटांचे ठसे स्पष्ट उमटले होते. पुढे एकही नव्हता.

भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त राग आला. माझ्या पुढे एखाद्या मिनिटावर कुणीतरी होतं आणि थांबत नव्हतं. मी पळायला लागले.

शिवण एका कड्यापाशी पोचली आणि कड्याच्या पोटात शिरली. पांढरा खडक वर, लाल खाली, मध्ये नखाएवढी रेघ. डावीकडे, उजवीकडे वाट नाही. गुहा नाही, फटसुद्धा नाही.

इथे तुकडेही नव्हते.

मी हातोडा उचलला आणि शिवणीच्या खालीच घातला. दोनदा निसटला. तिसऱ्या घावाला तळहाताएवढं ढलप सुटलं.

साठ कोटी वर्षं तो दगड बंद होता.

आतली बाजू ओली होती.

डाग जिभेच्या आकाराचा होता. मी बोट लावलं. कोमट.

पाझर असेल. कड्यात पाणी साठतं, कधी गरमही असतं. तपासायचा एकच मार्ग मला ठाऊक होता. मी जीभ लावली.

आधी मातीची चव आली. मग संत्र्याची साल, आणि करपलेली साखर.

घरी परतले तेव्हा व्हरांड्यातली बशी रिकामी होती.

सकाळी मी लोकरीच्या शेडमधून मोठा घण आणि दोन पहारी गाडीत टाकल्या. उना करपलेल्या मुरंब्याची बरणी हातात घेऊन उभ्या होत्या.

"टाकून देते हा. कडूजहर झालाय."

"टाकू नका," मी म्हटलं. "आज जरा जास्त लावा. तो बराच आत आहे."

उनांनी बरणी खाली ठेवली. मग त्यांनी सुरी घेतली आणि पावाचा आणखी एक, जाड काप कापला.