शेंडीवाले आणि टकले

"झाडाखालचे उचलू नका हं, ते खायचे नव्हेत," असं नैनितालला रस्त्यावर चेस्टनट भाजणाऱ्या बाईने गौरजाला बजावलं होतं. गौरजाने ते कानाआड केलं, कारण बाबा हसून म्हणाले होते, "तिला तिचे विकायचेत गं. फुकटचे घ्या असं ती कशाला सांगेल?"

शिवाय हॉटेलच्या अंगणातल्या त्या प्रचंड झाडाखाली बियांचा नुसता सडा पडला होता. शिसवी पाटासारख्या गडद, हाताला गार लागणाऱ्या. बापलेकीने पिशवी भरली आणि बाईकडून विकत घेतलेले कच्चे चेस्टनटही तिच्यातच टाकले.

ती पिशवी आता देवबागच्या घरी पडवीत उपडी झाली होती. दिवाळीची सुट्टी लागली होती. गौरजाचा धाकटा भाऊ विराज आणि शेजारचा केयूर त्या बियांनी गोट्यांसारखं खेळत होते.

"तुझा टकला आऊट," केयूर म्हणाला.

"टकला कोण?"

"हा काय. माझ्याला शेंडी आहे बघ. तुझा गुळगुळीत."

गौरजा आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या चिकटवत होती. ती खळ तशीच बोटाला घेऊन आली. खरंच की! काही बिया जराशा चपट्या, टोकाला बारीक केसांची शेंडी. बाकीच्या गोल, गुबगुबीत, शेंडीचा पत्ता नाही.

"एकाच झाडाची पोरं अशी वेगवेगळी?" विराजने विचारलं.

"तू आणि ताई एकाच घरातले आहात की," केयूर म्हणाला.

गौरजाने बाबांच्या फोनमधले फोटो काढून मोठे केले. बाईच्या टोपलीत पानं अंथरलेली होती. लांबट पानं, कडेला करवतीसारखे दाते. बाजूला साळिंदरासारखी काटेरी टरफलं. मग तिने हॉटेलच्या झाडाचा फोटो उघडला. त्याचं पान म्हणजे पसरलेला पंजा, बोटंही पाचाहून जास्त. आणि त्या झाडाखाली उभे असलेले बाबा मुंगीएवढे.

"ही दोन वेगळी झाडं आहेत," ती हळूच म्हणाली.

तिघांनी फोनवर शोधाशोध केली. शेंडीवाला खरा चेस्टनट. टकला हॉर्स चेस्टनट. नाव सारखं, रंग सारखा, पण दोघांचं कूळसुद्धा एक नाही. खऱ्या चेस्टनटने आपल्या बियांभोवती काट्यांचं कुंपण घातलेलं. दुसऱ्याच्या टरफलावर काटे मोजकेच किंवा नाहीतच, पण बीच कडूजहर आणि विषारी.

गौरजाच्या अंगावर काटा आला. झाडाला पळता येत नाही, ओरडता येत नाही. तरी आपलं पोर कुणी खाऊ नये म्हणून एकाने दारावर पहारा बसवला, आणि दुसऱ्याने पोराच्या अंगातच विष भरलं. कुणी शिकवलं असेल त्यांना हे?

"बरं झालं, आपण भाजले नाहीत," केयूर म्हणाला.

"पण आबांना दिलेत," गौरजा म्हणाली आणि ताडकन उठली.

हरिश्चंद्र आबा खाडीपलीकडे एकटेच राहायचे. सारा जन्म बोटीवर स्वयंपाक करण्यात गेलेला. इटलीच्या बंदरावर थंडीत खाल्लेल्या गरम चेस्टनटच्या आठवणी ते अजून सांगत. म्हणून तर बाबांनी काल त्यांना निवडून मोठे, चकचकीत तेवढे दिले होते. म्हणजे सगळे टकलेच.

आबांचा फोन नुसता वाजत राहिला, कुणी उचलेना. बाबा शिडीवर चढून कंदिलाची वायर जोडत होते. गौरजाने त्यांना खालूनच सगळं सांगितलं. "कडू लागलं तर थुंकतील की," ते वरूनच म्हणाले. "आबा काय कुक्कुलं बाळ आहेत?"

गौरजाने वाद घातला नाही. "आबांना करंज्या देऊन येऊ?" तिने विचारलं.

"जा, पण होडीत लाइफ जॅकेट घाला."

"डबा रिकामा आहे तुझा," केयूर वाटेत कुजबुजला.

"माहीत आहे मला."

धक्क्यावर होडीवाला सत्यवानदादा ओहोटीच्या पाण्याकडे बघत मान हलवत होता. "व्हकटी लागली गो. होडी रेतयेत बसतली." पण गौरजाने सारं सांगितल्यावर त्याने लगेच जॅकेटं पुढे केली. खाडीच्या मध्यावर होडी खरंच रुतली. चौघंही गुडघाभर पाण्यात उतरली आणि ढकलत, धापा टाकत ती त्यांनी पलीकडे नेली.

आबांच्या चुलीवर लोखंडी कढई होती आणि शेजारी फोडलेली टरफलं. आबा बाकावर आडवे झाले होते, चेहरा राखेसारखा, जवळ बादली.

"आबा, कडू लागले नाहीत?"

"लागले गो. माका वाटला, माजी जीबच गेली. तापानंतर सगळाच कडू लागता म्हाताऱ्याक. चार खाल्लंय." त्यांनी कढईकडे बोट दाखवलं. "रवलेले चायवांगडा खातलंय."

गौरजाने कढई उचलून बाजूला ठेवली आणि तिच्यातल्या दोन बिया रिकाम्या डब्यात टाकल्या. सत्यवान आणि केयूरने आबांना धरून होडीत आणलं. विराजने बाबांना फोन लावला. देवबागच्या धक्क्यावर बाबांनी बोलावलेली रिक्षा उभीच होती.

मालवणच्या दवाखान्यात डॉक्टर दीपिकाताईंनी बिया उलटसुलट करून पाहिल्या. "ह्या सोबत आणल्या म्हणून शोधण्यात वेळ गेला नाही. चहाबरोबर खायला ठेवलेलेही पोटात गेले असते तर कठीण होतं. ओळखल्या कुणी?"

"केयूरदादाने टकले ओळखले आणि ताईने पानं," विराज म्हणाला.

"शाब्बास. मोठ्यांनीही इतकं नीट बघायला हवं."

बाबा दारातच उभे होते, पेचकस अजून खिशात. "मी म्हटलं होतं, थुंकतील."

"शंकरा, तुजो खाऊ तो," आबा बाबांकडे बघून क्षीण हसले. "थुकूक मन होईना."

बाबांनी गौरजाला जवळ घेतलं आणि ते म्हणाले, "त्या बाईचंही ऐकायला हवं होतं आणि तुझंही."

संध्याकाळी आबांना हुशारी आली. त्यांनी डब्यातली एक बी खिडकीच्या उजेडात धरली. "इतक्या देखण्या बियेत इतको राग?"

"राग नाही, आबा. राखण आहे ती," गौरजा म्हणाली.

तुमच्याही ओळखीत असं एकटं राहणारं कुणीतरी असेलच. आज त्यांच्या दारी एकदा जाऊन या. नुसतं "बरे आहात ना?" विचारू नका, त्यावर सगळे "बरा" म्हणतात. आज काय खाल्लंत आणि चव कशी लागली, ते विचारा.