निवळलेले पाणी

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि त्या वर्षी उदगीरच्या विहिरींनी तळ दाखवला होता. म्हणून गुरुपादप्पा रंगाऱ्याने दुकानी नियम केला होता – ज्याचे वस्त्र, त्याचेच पाणी. टँकरवर भरलेली घागर घेऊन रुद्राणी क्षणभर त्याच्या छपराच्या सावलीत विसावली. गिऱ्हाईक आले असे समजून त्याने ती घागर उचलली आणि सरळ पातेल्यात रिती केली.

“आता द्या, काय रंगवायचंय?”

“काहीच नाही. ते आमचं प्यायचं पाणी होतं.”

तो इतका ओशाळला, की तिलाच हसू आले. ओतलेले पाणी वाया का घालवावे... ती घरी जाऊन आईची विटलेली रेशमी साडी घेऊन आली. तोवर त्याने स्वतःच्या रांजणातून तिची घागर भरून ठेवली होती.

साडीच्या पदराला त्याने खुणेचा पांढरा सुती दोरा बांधला, पाण्यात डाळिंबी रंग आणि आंबट शिरका घातला, खाली मंद जाळ लावला. वस्त्र काढायचे केव्हा, असे तिने विचारले. पाणी निवळले की, असे तो म्हणाला. आंबट पाण्यात रेशमाच्या अंगी एक ओढ जागी होते. ते रंगाचा कण न् कण जवळ घेते, धरून ठेवते, आणि मागे केवळ स्वच्छ पाणी उरते. सुताच्या अंगी ती ओढ नसते, म्हणून खुणेचा दोरा पांढराच राहतो.

तुमचे पातेले फार आळशी आहे, असे तिने चिडवले. तुमची साडीच मानी आहे, असे त्याने ऐकवले. मग तिचा स्वर उतरला. तीच साडी नेसून उद्या तिला लातूरच्या पाहुण्यांसमोर बसायचे होते. मुलगा नव्या जिल्हा कचेरीत नोकरीला. तिच्या मलप्पाकाकांना स्थळ पसंत होते.

लाकूड सारणारा त्याचा हात थबकला.

“अन् तुम्हाला?”

“मला कुणी विचारलंच नाही.”

त्याने चुलीत आणखी एक लाकूड सारले. उन्हे कलली. रुद्राणीने सहज पातेल्यात डोकावून पाहिले. नितळ पाण्यात डाळिंबी साडी शांत पहुडली होती.

“अहो, पाणी तर कधीचंच निवळलंय.”

“हाव.”

“मग हा जाळ कशासाठी?”

त्याने मान वर केली नाही. “साडी काढली असती, तर... तुम्ही गेल्या असत्या.”

ती पातेल्यावर वाकली. मग काठीने पदर वर घेऊन तिने खुणेचा दोरा सोडला. तो पांढराशुभ्रच होता. तिने तो त्याच्या तळहातावर ठेवला.

“लातूरचं स्थळ म्हणजे ओढ नसलेला हा दोरा, असं काकांना आज सांगते. तुमच्या आईला संध्याकाळी आमच्याकडे पाठवा. आणि पाणी आणू नका म्हणावं. पाहुण्यांना ते आम्हीच देतो.”

तेव्हा कुठे गुरुपादप्पाने चुलीतली लाकडे मागे ओढली.