चार रिकाम्या मात्रा

शुभंकरराव डोर्लीकर ह्यांनी मुंबईच्या स्टुडिओत एकतीस वर्षे इतरांचे आवाज मुद्रित केले आणि निवृत्त होताच पत्नी अनुजाबाईंसह ते भिलाईस, जुनवानीतील आपल्या घरी परतले. माळ्यावर त्यांची बेस गिटार जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेली होती. त्यांनी तिला नव्या तारा चढवल्या, खुंट्या पिळल्या आणि पुढच्याच रविवारी ते वसाहतीच्या सेक्टरातल्या मराठी मंडळाच्या सभागृहात जाऊन उभे राहिले.

तेथे वाजवणारा बँड पोलाद कारखान्यातल्या माणसांचा. कारखान्याच्या तीन पाळ्या. सगळे एका वेळी मोकळे असे क्वचितच घडे. म्हणून प्रारंभापासून एक रीत पडली होती. जो पाळीवर गेला असेल, त्याचा भाग दुसऱ्याने वाजवायचा नाही. त्याची खुर्ची मांडायची, त्याच्या मात्रा रिकाम्या सोडायच्या आणि गाण्यापूर्वी मुख्य गायक भय्याजींनी माईकवर सांगायचे, "अमुक ड्युटीवर हाये." हार्मोनियम वाजवणारे मारोतराव तीन वर्षांपूर्वी वारले, तरी त्यांची खुर्ची मांडली जाई आणि तेही ड्युटीवर आहेत असेच सांगितले जाई. ऐकणाऱ्यांपैकी कोणी हसत नसे.

ह्याच मारोतरावांनी बांधलेल्या एका गाण्यात, अखेरच्या ओळीआधी, सगळी वाद्ये थांबत आणि चार मात्रा एकटा बेस वाजे. शुभंकरराव तरुणपणी एका कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कोणाला न सांगता मुंबईच्या गाडीत बसले, तेव्हापासून त्या चार मात्रा कोणीही भरल्या नव्हत्या.

"आला काय रे ड्युटीवरून?" भय्याजी गिटार खाली न ठेवताच म्हणाले. "लय लांबली शिफ्ट तुयी."

ड्रमवर बसलेल्या रूपेशने हात जोडले. "काका, मैं तो समझा था आप हो ही नहीं. लहानपणापासून तुमची खुर्ची उचलून राहिलो मी!"

"गणपतीचा कार्यक्रम आजपासून चौथ्या रविवारी हाये, याच हॉलात," भय्याजी म्हणाले. "तुया चार मात्रा तुले परत. पण ऐनवेळी पळू नको बावा."

शुभंकरराव हसले, परंतु ते शब्द त्यांच्या मनात खोल रुतले. मुंबईत त्यांनी सहस्रावधी गाणी सांभाळली होती. त्यांचे स्वतःचे असे काही राहिले असेल, तर ते ह्या चार मात्रांत होते, आणि त्या लोकांसमोर एकदा तरी भरून द्याव्यात, एवढीच त्यांची इच्छा होती.

कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण आपणच करायचे असे त्यांनी ठरवले. त्यांची जुनी शिस्त अशी की, मुद्रणापूर्वी रिकाम्या खोलीची शांतता दोन मिनिटे टिपून घ्यायची. प्रत्येक खोलीला स्वतःची एक सूक्ष्म गुणगुण असते. ती वेगळी हाती असली म्हणजे पुढे मूळ मुद्रणातून गाळून टाकता येते.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता त्यांनी सभागृहाचे कुलूप उघडले. भिंतींचा हिरवा रंग, एकावर एक रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, खिडकीच्या कठड्यावर कारखान्याची तांबूस धूळ. दूरवरून भट्ट्यांची अखंड घरघर येत होती. त्यांनी रेकॉर्डर सुरू केला आणि दोन मिनिटे श्वासही जपून घेत ते उभे राहिले. मग त्यांनी हेडफोन लावून ऐकले.

घरघरीच्या तळाशी बेस वाजत होता.

दोन भिंतींपलीकडून यावा इतका क्षीण होता तो, पण गाणे मारोतरावांचेच होते. तिसऱ्या ओळीत वाजवणाऱ्याचे बोट घसरले आणि सूर उतरला. शुभंकररावांची गिटार त्या वेळी जुनवानीस घरी होती. नंदिनीच्या खाणीतून चुनखडी आणणारी मालगाडी गेली असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

संध्याकाळी सरावात, तिसऱ्या ओळीत, त्यांचे बोट घसरले.

दुसऱ्या रविवारी त्यांनी खिडक्या बंद केल्या, बॅटऱ्या बदलल्या, नवे कार्ड घातले. बेस होताच. ह्या खेपेस त्याची जाड तार वाजता वाजता हळूहळू उतरत गेली. संध्याकाळी शुभंकररावांची खुंटी सैल झाली आणि भय्याजींनी विचारले, "काहून रे, घसा बसला का तिचा?"

त्यांना भय वाटावयास हवे होते. परंतु वाटले ते कौतुक. आयुष्यात प्रथमच त्यांच्या यंत्राने त्यांचेच वाजवणे पकडले होते. रात्री जेवताना त्यांनी अनुजाबाईंना सारे सांगितले.

"घरात हाक मारली तं तुमाले आयकू येत नाई," अनुजाबाई पोळी वाढीत म्हणाल्या, "न् अजून वाजवलंच नाई ते आयकू येते म्हणता! कार्यक्रमाच्या दिवशी अकरा वाजता फोन करीन मी. तेवढा उचलजा."

तिसऱ्या रविवारी सकाळचा बेस निर्दोष होता. संध्याकाळीही त्यांच्या हातून एक चूक झाली नाही.  सराव संपल्यावर भय्याजींनी शुभंकररावांची खुर्ची वीतभर आपल्याजवळ ओढून घेतली. त्या दिवशी शुभंकरराव स्कूटर सावकाश चालवीत, वाटभर गुणगुणत घरी आले.

चौथा रविवार उजाडला. सभागृहात झेंडूच्या माळा लागल्या होत्या, खुर्च्या रांगेने मांडल्या होत्या. शुभंकररावांनी गिटार आपल्या खुर्चीला टेकवली, फोन टेबलावर ठेवला आणि दोन मिनिटांची शांतता टिपली. मग हेडफोन लावले.

बेस नव्हता.

प्रथम माणसांची चुळबूळ ऐकू आली. एक मूल रडत होते. मग माईकची शीळ आणि भय्याजींचा आवाज.

"मारोतराव ड्युटीवर हायेत."

मग पुन्हा तोच आवाज.

"शुभंकर ड्युटीवर हाये."

कोणी हसले नाही.

"आज फक्त शेवटचं कडवं," भय्याजी म्हणाले. गाणे सुरू झाले, पण त्याच्या पायाखाली जमीन नव्हती. अखेरच्या ओळीआधी सगळे थांबले. चार मात्रा रिकाम्या गेल्या. मग भय्याजींनी अखेरची ओळ म्हटली आणि मुद्रण संपले.

शुभंकरराव बराच वेळ बसून राहिले. ह्या खेपेस आपण पळून गेलो नाही, असे त्यांच्या मनात आले. आपण दहा वाजल्यापासून येथेच आहोत.

त्यांनी हेडफोन काढले, रेकॉर्डर स्पीकरला जोडला, गिटार मांडीवर घेतली. सूर जुळवला. मुद्रण पुन्हा सुरुवातीपासून लावले.

कडवे आले. सगळे थांबले.

त्यांनी त्या चार मात्रा वाजवल्या. आजवर कधी वाजल्या नव्हत्या इतक्या स्वच्छ.

मघाशी ह्यानंतर अखेरची ओळ आली होती. आता ती आली नाही.

"आयकलं का रे?" भय्याजी म्हणाले. आवाज स्पीकरमधूनच येत होता, पण माईकपासून दूरचा.



"चूप राहा, भय्याजी," रूपेश कुजबुजला. "वाजवू द्या काकाले."

म्हणून शुभंकररावांनी त्या पुन्हा वाजवल्या. भय्याजींनी नेमक्या समेवर अखेरची ओळ उचलली.

त्यांनी समाधानाने रेकॉर्डरकडे पाहिले. दोन मिनिटे केव्हाच संपली होती, दिवा विझलेला होता. गाणे चालूच होते.

अकरा वाजून गेले होते. टेबलावर फोनच्या पडद्यावर अनुजाबाईंचे नाव पेटत होते, विझत होते, पुन्हा पेटत होते. फोन टेबलावर थरथरत पार कडेपर्यंत सरकला होता. त्याचा आवाज मात्र त्यांच्यापर्यंत येत नव्हता.