परतीची नळी

चांद्यात जन्मलेल्या माणसाने थंडी सांभाळायची नोकरी धरावी, याचं आमच्या घरात सगळ्यांना हसू येई. आमच्याकडे चैत्र सरत आला की परकोटाच्या दगडांना दिवस मावळल्यावरही कोणी पाठ टेकत नाही. आणि मी मुंबईत एका कंपनीच्या प्रयोगशाळेत हवा इतकी गार करत बसायचो की तिचं पाणी होऊन जायचं. वडील विचारत, एवढी थंडी करता तर थोडी घरी का नाही आणत? एकोणीसशे एकोणसाठच्या उन्हाळ्यात मी ती खरोखरच घेऊन गेलो.

निमित्त होतं एका जहाजाचं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेतून विलायतेला एका जहाजातून जमिनीखालचा जळाऊ वायू नेला होता, गार करून, त्याचा द्रव करून. खोलीभर वायू असा एका पिंपात मावतो. पण हा द्रव इतका गार, की जहाजाच्या पोलादाला लागला तर पोलाद पापडासारखं मोडतं. म्हणून टाक्या आणि जहाजाचं अंग यांच्यामध्ये हलक्या लाकडाचा जाड थर घालतात. ते लाकूड दक्षिण अमेरिकेतलं, बाल्सा नावाचं. आमच्या साहेबांच्या डोक्यात आलं की आपली काटेसावर त्याच कुळातली, तिचीही परीक्षा घेऊन पाहावी. सावर कुठे भरपूर, तर चांदा जिल्ह्यात. आणि चांद्याचा कोण, तर मी.

चांद्याहून छोट्या लाइनीच्या गाडीने वडसा, पुढे बैलगाडीने कुरखेड्याच्या अलीकडचं एक तळ्याकाठचं गाव. मांडीवर थर्मासच्या आजोबासारखं एक भांडं, आत द्रवरूप हवा, आणि त्याच्या तोंडातून सारखी पांढरी वाफ. गाडीतल्या एका म्हातारबाने आत कोणता देव बसवला आहे म्हणून चौकशी केली आणि जाताना भांड्याला हातही जोडले.

तळ्याकाठच्या बंगल्यावर माझा मुक्काम होता. जेवण करून द्यायला कुंता नावाची बाई यायची. तिचा बाप मनसाराम. ढिवर माणूस, जन्म तळ्यात मासे धरण्यात गेलेला. सावरीचं लाकूड म्हटल्यावर गावातल्या प्रत्येकाने मला त्याच्याकडेच पाठवलं, कारण तळ्यात सर्वांत जुना सावरीचा डोंगा त्याचा होता. अख्खं खोड कोरून केलेला, लांबुळका, आणि आता कडेकडेने पिठूळ व्हायला लागलेला.

मनसाराम मला पहिल्याच भेटीत आवडला. सुकल्या चिंचेसारखा माणूस, गालात सदा तंबाखू-चुना, पण डोळे मिश्किल. मी साहेब म्हणून येणार कळल्यावर त्याने दाढी केली होती आणि वस्तरा दोन ठिकाणी लागला होता. माझ्या धंद्याची त्याने मन लावून चौकशी केली आणि शेवटी म्हणाला की एवढी थंडी दर्यात नेऊन टाकण्यापेक्षा इथंच सोडा, पुण्य लागेल.

एका दुपारी मी पाहिलं तर हा गृहस्थ काठावरची मोहाची सावली सोडून रणरणत्या उन्हात डोंग्यात झोपलेला. मी धावत गेलो, उठवलं, चांगला रागावलो. तो उठून बसला, आणि डोंग्याच्या मागच्या टोकाला, जिथे त्याचं डोकं होतं, तिथे मला हात ठेवायला सांगितलं.

लाकूड गार होतं. ओलं नव्हतं, कोरडं ठणठणीत, आणि माठाच्या पोटासारखं गार.

"थे बसे इथी," मनसाराम म्हणाला. "माही घरवाली. गोकुळा."

गोकुळाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. नवऱ्याने जाळं टाकायचं आणि तिने मागे बसून डोंगा सांभाळायचा, असा त्यांचा जन्म गेला. ती गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात त्याला हा गारवा पहिल्यांदा लागला आणि तेव्हापासून दुपारची झोप तो तिथेच काढत होता. लेकीला माहीत होतं. गावाला सांगायची त्याला गरज वाटली नव्हती.

मी शिकलेला माणूस. बंगल्यावरून तापमापक आणला. डोंग्याच्या मधोमध ठेवला तर पारा चढला, मागे नेला तर खाली उतरला. लाकडाच्या पोटात पाणी मुरलं असेल म्हणून टोचून पाहिलं. भुगा कोरडा निघाला. सावली कुठूनच पडत नव्हती. पुन्हा पुन्हा मोजलं, तरी तेच. मनसाराम माझ्याकडे, सून पहिल्यांदा भाकरी थापताना सासऱ्याने पाहावं, तसा कौतुकाने पाहत होता.

मग त्याने आपली अडचण सांगितली. हा डोंगा पुढचा पावसाळा काढणार नव्हता. जंगलातल्या पाड्यावरच्या चैतूने त्याच्यासाठी नवा डोंगा कोरला होता, सावरीचाच, तो काठावर तयार होता. आणि या लोकांची रीत अशी की जुना डोंगा जाळत नाहीत, फोडत नाहीत. ज्याने पोट भरलं त्याला चुलीत कसं घालायचं? त्यात दगड भरून तो तळ्याच्या मधोमध बुडवतात.

"थे पान्याले भेत होती जी," तो म्हणाला. "ढिवराची बायको असून. दोन्ही हातांनी काठ धरून बसे. तिले तळाशी कसा सोडू?"



दुसऱ्या दिवशी मी ओसरीवर माझी परीक्षा मांडली. सावरीचे ठोकळे कोरून त्यांचे पेले केले होते, त्यांत द्रव हवा ओतायची होती. अर्धं गाव जमलं. मी पळसाचं पान बुडवून काढलं आणि चुरगाळलं, त्याचा काचेसारखा चुरा झाला तेव्हा बायकांनी तोंडाला पदर लावले. पेल्यात पहिल्यांदा ओतलं की द्रव तडतडून उडून जाई. मी लोकांना समजावलं की अनोळखी भांड्यात एकदम ओतायचं नसतं. आधी थोडंसं द्यायचं, भांड्याला त्याची सवय होऊ द्यायची, मग बाकीचं.

मनसारामने मान डोलावली. त्यांच्यातही एका डोंग्यातून दुसऱ्यात मासे द्यायचे तर आधी या डोंग्यातलं ओंजळभर पाणी त्या डोंग्यात टाकतात आणि जरा थांबतात. डोंग्यांची ओळख व्हावी म्हणून. मला ते इतकं आवडलं की मी भरात येऊन त्याला समुद्रावरची पुढची गोष्टही सांगितली. भर दर्यात दोन जहाजं शेजारी शेजारी बांधून एकातला द्रव दुसऱ्यात कसा द्यायचा, ते आमचे लोक तेव्हा नुसतं कागदावर आखत होते. मध्ये आपटू नयेत म्हणून उशा. एक नळी जाण्याची, एक परतीची. आणि मध्येच तोडायचं नाही, तोडलं की सगळं उडून जातं.

लोक पांगल्यावर तो मागे थांबला.

"साहेब, तिले या डोंग्यातून त्या डोंग्यात करून द्या ना जी. उडून नाई गेली पाहिजे."

मी हसायला हवं होतं. पण त्याने ते इतक्या सरळपणे मागितलं, की मी हो म्हणून बसलो. म्हाताऱ्याचं मन राखायला काय जातं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मलाही पाहायचं होतं.

आणि करायचं तर रीतसर, हा माझा स्वभाव. सकाळीच दोन्ही डोंगे तळ्यात घेतले, मधोमध नेऊन शेजारी शेजारी बांधले. मध्ये तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, जाड वेण्या. जुन्या डोंग्याच्या मागच्या टोकाला चिखलाचा बांध घालून त्यात पाणी भरलं आणि गारवा उतरू दिला. दोन्ही डोंग्यांची मागची टोकं ओल्या गोणपाटाने झाकून कडा चिखलाने लिंपल्या. जाण्यासाठी माझी रबरी नळी, तणसात गुंडाळलेली. परतीसाठी दुसरी.

कुंता काठावरून सगळं पाहत होती. परतीची नळी कशाला, असं तिने ओरडून विचारलं, नव्या डोंग्यात तर कोणीच नाही. मी सांगितलं की झाकलेल्या भांड्यात काही शिरायचं तर आतलं तेवढंच बाहेर यावं लागतं. काही नसलं तरी हवा असते.

नवा डोंगा रिकामा म्हणून उंच तरंगत होता, तिकडे पाणी चढलं नसतं. त्यात दगड ठेवायचे ठरत होते. मनसाराम म्हणाला, दगड कायले, मी बसतो ना. तो उतरून तिकडे गेला, गोणपाटाला पाठ लावून बसला आणि परतीच्या नळीचं टोक लिंपणातून सुटू नये म्हणून मुठीत घट्ट धरून ठेवलं. इकडे जुन्या डोंग्यात तिचं दुसरं टोक माझ्या गुडघ्याशी होतं. लग्नात बसलेल्या नवरदेवासारखा तो दिसत होता, आणि मी त्याला तसं म्हटलंही. तो लाजला.

आधी ओंजळभर पाणी. मग थांबलो. मग मी नळी तोंडाने ओढली.

पाणी दातांना कळ लागेल इतकं गार आलं.

ते नव्या डोंग्यात जाऊ लागलं. वारा नव्हता. तळ्यावर ऊन नुसतं उभं होतं. तणसातून डोकावणारी नळी हळूहळू कडक झाली आणि तिच्यावर पांढरं काहीतरी धरलं. मी बोटाने खरवडलं. हिव होतं. आमच्या प्रयोगशाळेत द्रव वाहू लागला की नळ्यांवर धरतं, तसंच.

माझ्या गुडघ्याला परतीच्या नळीतून फुंकर लागली. कोमट.

मी मनसारामला हाक मारली. त्याचे डोळे मिटले होते, चेहरा सुखी होता. "येऊन राह्यली," तो पुटपुटला. "येऊ द्या जी. थांबवू नका."

थांबवता येतच नाही. मध्येच तोडलं की सगळं उडून जातं, हे मीच त्याला शिकवलं होतं.

फुंकर थांबत होती, पुन्हा येत होती. थांबत होती, येत होती. तिला तंबाखू-चुन्याचा वास होता.

मग जाण्याची नळी गुरगुरली आणि रिकामी झाली.

फुंकरही थांबली.

मी वाकून नव्या डोंग्याच्या गोणपाटाखाली हात घातला. लाकूड गार होतं. माठाच्या पोटासारखं. त्या क्षणी मला झालेला आनंद मी लपवत नाही, मला त्या म्हाताऱ्याला मिठी मारावीशी वाटली. जुन्या डोंग्याचं टोक चाचपलं, ते भाजत होतं. सगळी गेली होती, थेंबभरही मागे राहिली नव्हती.

"मनसारामभाऊ, झालं," मी म्हणालो.

त्याने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, आणि खांद्यावरचा दुपट्टा ओढून डोक्यावर घेतला, परका पुरुष समोर आल्यावर बाया घेतात तसा. मग दोन्ही हातांनी डोंग्याचे काठ धरले. बोटं पांढरी पडेपर्यंत.

मी दोर सोडले. दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही.

नवा डोंगा आपसूक काठाकडे सरकला. कुंता कमरेइतक्या पाण्यात पुढे आली होती.

"कुंता," तो तिला म्हणाला, मनसारामच्याच आवाजात, "उन्हात काऊन उभी व माय? डोकं झाक."

कुंता जागीच थांबली. तिने बापाच्या चेहऱ्याकडे खूप वेळ पाहिलं. मग ती रडायला लागली, आणि रडता रडता हसायला. तिने त्याचे काठ धरलेले हात एकेक बोट करून सोडवले, आपल्या गळ्यात घालून घेतले आणि लहान मुलाला उतरवावं तसं त्याला काठावर उतरवलं. त्या दोघींकडे, म्हणजे त्या दोघांकडे, मला पाहवेना आणि नजरही काढवेना.

काठावर बसल्यावर त्याने माझ्याकडे, मग मी बसलो होतो त्या डोंग्याकडे पाहिलं. खूप मायेने हसला.

"थो जुना बुडवून टाका भाऊ. सडला थो. त्यात आता काई नाई राह्यलं."

मी वल्हं मारत काठाशी आलो. डोंगा नको इतका जड चालत होता. काठाला लागल्यावर मी आधी नळ्या बाहेर काढल्या आणि मग गुडघाभर पाण्यात उतरलो. माणूस उतरला की डोंगा हलका होतो, एक हेलकावा घेऊन वर येतो.

तो वर आला नाही.

पुढच्या टोकाला, जाळं टाकणारा उभा राहतो तिथे, दबलेलाच राहिला.